नाटकाआधीचा पिझ्झा आणि बिलाखालची बक्षिशी

शनिवारी संध्याकाळी साडेसहा-सातच्या सुमारास मुंबई-पुण्यातील कोणत्याही नाट्यगृहाच्या वा चित्रपटगृहाच्या परिसरात गेल्यास पिझ्झाची दुकाने भरलेली दिसतात. साडेआठचा प्रयोग गाठायचा असतो. घरी जाऊन स्वयंपाक करण्यास सवड नसते. पोटभर थाळी जेवून नाटकात डुलक्या घ्यायच्या नसतात. अशा वेळी चौघांनी एका मेजाभोवती बसावे, दोन पिझ्झा वाटून घ्यावेत, तासाभरात उठावे, ही सोय लोकांनी आता अंगवळणी पाडून घेतली आहे. बँकेतील कारकून, शाळेतील शिक्षिका, रुग्णालयातील परिचारिका, नुकताच पहिला पगार हाती आलेला मुलगा, असे सगळे या गर्दीत असतात. ही गर्दी केवळ श्रीमंतांची राहिलेली नाही.

आपल्या चळवळीत अशा जेवणाकडे पाहण्याची एक ठरीव रीत आहे. ‘चंगळवाद’ हा शब्द उच्चारला की आपले कर्तव्य संपले, असे पुष्कळांना वाटते. पिठल्या-भाकरीशी इमान आणि पिझ्झाशी वैर, अशी सोपी वाटणी केली की पुढचा विचार करावा लागत नाही. परंतु ही टीका वांझ आहे, असे नम्रपणे म्हणणे भाग आहे. ती जेवणाऱ्याला बदलत नाही आणि वाढणाऱ्याच्या उपयोगी पडत नाही. ज्या गोष्टीवर आपण बोलायला हवे ती ताटात नसून ताटाखाली सरकवलेल्या बिलात आहे.

आधी पिझ्झाविषयीचा गैरसमज दूर करू. हा पदार्थ नेपल्सच्या गरिबांचा. अठराव्या-एकोणिसाव्या शतकात त्या बंदरातील हमाल, कोळी व मोलमजूर यांची घरे इतकी कोंदट असत की त्यांत धड चूलही नसे. फेरीवाले तांब्याच्या पेटीत गरम पिझ्झा डोक्यावरून विकत फिरत आणि माणूस ऐपतीप्रमाणे तुकडा घेई. तेथील फाटके लोक उन्हाळ्यात कलिंगडावर आणि हिवाळ्यात पिझ्झावर गुजराण करतात, असे अलेक्झांडर द्यूमा यांनी १८४३ साली प्रसिद्ध झालेल्या प्रवासवर्णनात नोंदवून ठेवले आहे. पुढे दुसऱ्या महायुद्धानंतरच्या टंचाईत तळलेला पिझ्झा आज खाऊन पैसे आठ दिवसांनी चुकते करण्याची उधारी तेथे चाले. पोटासाठी अमेरिकेला गेलेल्या इटालियन मजुरांनी हा पदार्थ बरोबर नेला. २०१७ साली युनेस्कोने नेपल्सच्या पिझ्झा बनविणाऱ्यांच्या कलेला मानवजातीच्या वारशाच्या यादीत स्थान दिले, ते या कष्टकऱ्यांच्या हातांना. भारतात मोठ्या विदेशी कंपन्यांची पिझ्झा-दुकाने १९९६ साली आली, ती मात्र वातानुकूलित काचेआडून. म्हणून गरिबाचे हे अन्न आपल्याकडे प्रतिष्ठेचे चिन्ह होऊन बसले. दोष असलाच तर तो पिठाचा व टोमॅटोचा नव्हे.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. काम संपल्यावर बाहेर जेवावे, चार घटका करमणूक करावी, हा हक्क कष्टकऱ्यांना कोणी दान दिलेला नाही. रावबहादूर नारायण मेघाजी लोखंडे यांच्या मिलहँड्स असोसिएशनच्या लढ्यामुळे मुंबईच्या गिरणी कामगारांना १८९० साली रविवारची सुट्टी मिळाली. त्या सुट्टीतून आणि कमी झालेल्या तासांतूनच गिरणगावची कामगार रंगभूमी, भजनी मंडळे, शाहिरी फड उभे राहिले. गावाकडे कुटुंब ठेवून आलेला कामगार खानावळीत जेवून दामोदर हॉलमध्ये नाटकाला जाई. त्याच्यासाठी रांधणाऱ्या बायांचे कष्ट मात्र कोणाच्या हिशेबात नव्हते. प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन करून त्या खानावळवालींना सावकाराच्या पाशातून सोडविण्याचे काम हाती घेतले, तेव्हा कोठे त्यांच्याकडे लक्ष गेले. एकाची मोकळी संध्याकाळ ही दुसऱ्याची कामाची वेळ असते, हे गिरणगावाने आपल्याला तेव्हाच शिकविले होते. पिझ्झाच्या दुकानात तोच धडा पुन्हा गिरवायचा आहे.

संध्याकाळी सात वाजता जेव्हा गिऱ्हाइकांची रीघ लागते, तेव्हा भटारखान्यात भट्टीपुढे उभा असलेला मुलगा सकाळपासून पीठ मळून आलेला असतो. दुपारी गिऱ्हाईक नसते म्हणून कित्येक ठिकाणी पाळी मध्येच तोडतात. त्या दोन-तीन तासांत घरी जाऊन येण्याइतके घर जवळ नसते आणि त्या वेळेचे वेतनही मिळत नाही. नाटक सुटल्यावर प्रेक्षक घरी जातो, तेव्हा वेटर मेजे पुसत असतो आणि शेवटची लोकल मिळेल की नाही याची चिंता करीत असतो. गिऱ्हाइकाला प्रयोगाची घाई असते म्हणून तो त्याच्यावर खेकसतो. मालकाला मेज लवकर रिकामे हवे असते म्हणून तोही खेकसतो. उठताना गिऱ्हाईक काही पैसे ठेवतो. ते कोणाचे, हा आजच्या लेखाचा प्रश्न आहे.

बिल नीट वाचावे. वर पदार्थांची किंमत असते. तिच्याखाली वस्तू व सेवा कर असतो. वातानुकूलित असो वा नसो, सामान्य उपाहारगृहावर तो २०१७ च्या नोव्हेंबरपासून ५ टक्के आहे आणि तो सरकारजमा होतो. कित्येक ठिकाणी मध्ये ‘सर्व्हिस चार्ज’ म्हणून आणखी एक ओळ येते. हा कर नव्हे. ती रक्कम मालकाच्या गल्ल्यात जाते. सर्वांत शेवटी ज्याला आपण टीप म्हणतो ती बक्षिशी येते. ती पूर्वी नाण्यांच्या रूपाने बडीशेपेच्या ताटलीत पडे व वेटरच्या खिशात जाई. आता ती कार्डाने वा मोबाईलवरून दिली जाते, म्हणजे आधी मालकाच्या खात्यात जमा होते. तेथून ती पुढे किती सरकते, केव्हा सरकते आणि कोणाकोणात वाटली जाते, हे देणाऱ्याला समजत नाही. पुष्कळदा घेणाऱ्यालाही समजत नाही.

या अंधाराचा काय परिणाम होतो हे पाहण्यासाठी लंडनचे उदाहरण उपयुक्त आहे, कारण नाटकाआधी पिझ्झा खाण्याची रीत तेथे आपल्या कितीतरी आधी रुजली आणि तेथील कामगारांनी हा प्रश्न तडीस नेला. १९६५ साली पीटर बॉयझट यांनी सोहो भागात वॉर्डोर स्ट्रीटवर ‘पिझ्झा एक्स्प्रेस’चे पहिले उपाहारगृह काढले. लंडनची नाट्यगृहे तेथून चालत जाण्याच्या अंतरावर. परवडणारे, झटपट, बसून खाण्याचे जेवण म्हणून ते लोकप्रिय झाले आणि त्याच्या शाखा देशभर पसरल्या. २०१५ साली ‘युनाइट’ या कामगार संघटनेने लोकांसमोर आणले की, गिऱ्हाइकाने कार्डाने दिलेल्या बक्षिशीतून ही कंपनी व्यवस्थापन-खर्चाच्या नावाखाली ८ टक्के, म्हणजे दर पौंडामागे ८ पेन्स, कापून घेते. कामगारांनी दुकानांबाहेर निदर्शने केली. नाटकाला निघालेल्या माणसाला ही गोष्ट ठाऊकच नव्हती. ठाऊक झाल्यावर त्याला ती आवडली नाही. त्याच वर्षी कंपनीला ही कपात बंद करावी लागली.

परंतु एका कंपनीने माघार घेतल्याने प्रश्न सुटत नसतो. इतर उपाहारगृहांतही नाना युक्त्या चालू होत्या. शिवाय २०२१ साली, महामारीनंतर रोख व्यवहार जवळजवळ आटले असताना, त्याच पिझ्झा एक्स्प्रेसने कार्डावरील बक्षिशीतील वेटरांचा वाटा कमी करून भटारखान्याचा वाटा वाढविल्याची तक्रार कामगारांनी केली. वरवर पाहता यात न्याय दिसतो. भट्टीपुढे घाम गाळणाऱ्याला वाटा का नको? अवश्य हवा. परंतु भटारखान्यातील माणसाचे उत्पन्न वाढवायचे तर ते मालकाने वेतनातून वाढवावे. एका कामगाराच्या ताटातील काढून दुसऱ्याच्या ताटात वाढणे हे हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवण्यासारखे आहे. त्यात मालकाची दानत दिसते, पैसे कामगाराचे जातात, आणि दोन कामगार एकमेकांकडे संशयाने पाहू लागतात.

अखेर ब्रिटिश संसदेने २०२३ साली बक्षिशी-वाटपाचा कायदा केला आणि तो १ ऑक्टोबर २०२४ पासून इंग्लंड, वेल्स व स्कॉटलंडमध्ये लागू झाला. त्यातील तरतुदी साध्या आहेत. बक्षिशी व सेवाशुल्क यांची सर्व रक्कम कामगारांना मिळाली पाहिजे. कायद्याने लागू असलेल्या कराखेरीज त्यातून काही कापता येणार नाही. ती पुढील महिना संपण्यापूर्वी दिली पाहिजे. वाटपाचे धोरण लेखी व न्याय्य असले पाहिजे. तीन वर्षांच्या नोंदी ठेवल्या पाहिजेत आणि कामगाराने मागितल्यास त्या दाखविल्या पाहिजेत. अन्याय झाल्यास कामगार न्यायाधिकरणाकडे जाऊ शकतो. किमान वेतनाची भरती बक्षिशीने करण्यास तर तेथे २००९ पासूनच बंदी आहे. हा कायदा तेथे हुजूर पक्षाच्या सरकारच्या काळात झाला, हेही लक्षात ठेवावे. मालकवर्गाच्या मित्रांनाही तो करावा लागला, एवढा रेटा लहानलहान उपाहारगृहांतील असंघटित म्हणविल्या जाणाऱ्या कामगारांनी निर्माण केला होता.

बक्षिशी अनिर्बंध सोडली तर काय होते हे अमेरिकेत दिसते. तेथे गुलामगिरी संपल्यावर रेल्वेच्या पुलमन डब्यांतील कृष्णवर्णीय सेवकांना तुटपुंजे वेतन देऊन बाकीचे प्रवाशांच्या मर्जीवर सोडण्यात आले. या सेवकांची संघटना १९२५ साली समाजवादी नेते ए. फिलिप रँडॉल्फ यांच्या नेतृत्वाखाली उभी राहिली आणि बारा वर्षांच्या लढ्यानंतर, १९३७ साली, कंपनीला तिच्याशी करार करावा लागला. तरीही ती जुनी वृत्ती कायद्यात शिल्लक राहिली. बक्षिशी मिळविणाऱ्या कामगाराला मालकाने रोख द्यावयाचे संघीय किमान वेतन तेथे १९९१ पासून ताशी २ डॉलर १३ सेंटवर थिजलेले आहे. उरलेले गिऱ्हाइकाने भरावे आणि कमी पडले तरच मालकाने हात लावावा, असा नियम. काही राज्यांनी आपल्यापुरता तो सुधारला, पण मूळ तत्त्व कायम आहे. म्हणजे बक्षिशी ही कामगाराला मिळालेली देणगी नसून मालकाला मिळालेले अनुदान झाली! याच्या दुसऱ्या टोकाला १९३६ चे बार्सिलोना होते. क्रांतीच्या त्या महिन्यांत तेथे बक्षिशी देणे-घेणे निषिद्ध होते, असे जॉर्ज ऑर्वेल यांनी लिहून ठेवले आहे. माणसाने माणसापुढे हात पसरू नये, ही त्यामागील भावना.

आता आपल्या देशाकडे वळू. येथे हा प्रश्न चर्चेस आला, परंतु वेगळ्या दाराने आला. २०१७ साली केंद्र सरकारने सेवाशुल्क ऐच्छिक असल्याचे सांगितले. ४ जुलै २०२२ रोजी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने मार्गदर्शक सूचना काढून उपाहारगृहांनी ते बिलात आपोआप लावण्यास मनाई केली. उपाहारगृह-मालकांच्या संघटना न्यायालयात गेल्या. सेवाशुल्काचा लाभ कामगारांना होतो, असे त्यांच्या युक्तिवादातील एक म्हणणे होते. २८ मार्च २०२५ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने या सूचना वैध ठरविल्या. सक्तीने सेवाशुल्क घेता येणार नाही, ग्राहकाने स्वखुशीने बक्षिशी देण्यास मात्र आडकाठी नाही, असा त्या निकालाचा आशय. त्याविरुद्ध मालकांनी अपील केले आहे.

ग्राहकावरील सक्ती चूकच होती आणि या निकालाचे स्वागत केले पाहिजे. पण एक विलक्षण गोष्ट लक्षात घ्यावी. इतकी वर्षे चाललेल्या या वादात दोनच पक्षकारांचा आवाज मोठा होता: ग्राहक आणि मालक. ज्याच्या ‘सेवे’चे हे शुल्क, तो सेवक केवळ मालकाच्या युक्तिवादातील एक मुद्दा होऊन राहिला. शुल्क असताना त्यातील किती त्याला मिळत होते याचा हिशेब कोणी मागितला नाही. शुल्क गेल्यावर त्याचे काय झाले, हेही कोणी विचारले नाही.

याहून आश्चर्य म्हणजे तत्त्व आपल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगून ठेवलेले आहे. २०१६ साली एका मोठ्या हॉटेल-कंपनीच्या प्राप्तिकराच्या प्रकरणात न्यायालयाने म्हटले की, गिऱ्हाइकाने कार्डाने दिलेली बक्षिशी हे मालकाने दिलेले वेतन नव्हे. ती रक्कम मालकाच्या हाती केवळ विश्वस्त म्हणून येते. निकाल कराच्या वजावटीपुरता होता. परंतु विश्वस्ताने ठेव खाऊ नये, तिचा हिशेब द्यावा, हे सांगण्यास आणखी कायदेपंडित लागत नाही. असे असूनही २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या वेतन संहितेत बक्षिशीच्या मालकीविषयी वा वाटपाविषयी स्वतंत्र कलम नाही. ग्राहकासाठी सूचना आहेत, करखात्यासाठी निकाल आहे, आणि कामगाराच्या वाट्याला मालकाची मर्जी.

यावर काही आक्षेप येतील. बक्षिशी ही खुशीची गोष्ट, तिच्यात कायदा कशाला? उत्तर असे की, द्यावी की न द्यावी ही खुशी अवश्य असो. दिलेली वस्तू ज्याला दिली त्याला पोचावी, हा खुशीचा प्रश्न नव्हे. मनिऑर्डर पाठविणे ऐच्छिक असते, म्हणून पोस्टाने ती मध्येच ठेवून घ्यावी असे कोणी म्हणत नाही. दुसरा आक्षेप लहान मालकांचा: भाडे, वीज, मोबाईल-कंपन्यांचे कमिशन यांनी ते आधीच पिचलेले आहेत. त्यांची अडचण खरी आहे. परंतु तिची भरपाई सर्वांत कमी मिळविणाऱ्याने करावी, हे कोणत्या न्यायात बसते? तिसरा आक्षेप आपल्यातलाच आहे: बक्षिशी ही सरंजामी प्रथा, तिचे रक्षण समाजवाद्यांनी का करावे? हा आक्षेप तत्त्वतः मान्य आहे. दरपत्रकातील किमतीतच पुरेसे वेतन धरलेले असावे, कामगाराने मान ताठ ठेवून काम करावे आणि गिऱ्हाइकाने ‘आभारी आहे’ म्हणून उठावे, हेच आपले ध्येय. पण ते येईपर्यंत त्याच्या नावाने जमा होणारे पैसे दुसऱ्याने पळवू द्यायचे, ही तत्त्वनिष्ठा नव्हे.

म्हणून आपल्या मागण्या स्पष्ट असाव्यात. बक्षिशी व स्वेच्छेने दिलेले सेवाशुल्क ही सर्वस्वी कामगारांची मालमत्ता असल्याचे कायद्याने घोषित करावे. त्यातून फुटलेल्या बशीचे, हिशेबात आलेल्या तुटीचे वा कार्ड-व्यवहाराचे पैसे कापण्यास बंदी असावी. वाटपाची पद्धत कामगारांशी विचारविनिमय करून लेखी ठरवावी आणि तीत भांडी घासणाऱ्यापर्यंत सर्वांचा समावेश असावा. दरमहाचा हिशेब दुकानात लावावा. किमान वेतन ठरविताना वा देताना बक्षिशीकडे बोट दाखवता येऊ नये. तुटक पाळीतील रिकाम्या तासांचा मोबदला मिळावा आणि रात्री उशिरा सुटणाऱ्या कामगाराच्या, विशेषतः मुलींच्या, घरी पोचण्याची जबाबदारी मालकाची असावी.

या मागण्या लेख लिहून मिळणार नाहीत. हॉटेल कामगारांची संघटना होऊ शकत नाही, असे सांगणारे १९५० च्या दशकातही होते. त्याच काळात मंगळूरहून रिकाम्या हाताने आलेल्या जॉर्ज फर्नांडिस यांनी मुंबईत हॉटेल कामगारांना आणि टॅक्सीचालकांना संघटित केले. उडुपी हॉटेलात राबून रात्रशाळेत शिकणारी तेव्हाची मुले आणि पिझ्झाच्या दुकानातील टोपी घातलेली आजची मुले यांच्यात गणवेशाखेरीज फारसे अंतर नाही. घरापासून दूर, एका खोलीत सहा-सात जण, नोकरी आज आहे उद्या नाही, ही स्थिती तीच आहे. त्यांच्यापर्यंत आपला कार्यकर्ता पोचत नाही, कारण तो त्या काचेच्या दारातून आत जाणे कमीपणाचे समजतो.

तेव्हा नाटकाला अवश्य जावे आणि त्याआधी पिझ्झाही खावा. फक्त दोन गोष्टी कराव्यात. घाईचा राग वाढणाऱ्यावर काढू नये. आणि बिल देताना, कार्डावरची बक्षिशी तुम्हाला मिळते का, किती मिळते, केव्हा मिळते, हे त्याला हळूच विचारावे. मालक जवळ असेल तर तो उत्तर देणार नाही. मग त्याची पाळी कधी सुटते ते विचारून ठेवावे. दहा दुकानांतून अशी दहा उत्तरे गोळा झाली की त्या दहा जणांना एकत्र बसवावे. त्यांची सुट्टी शनिवारी-रविवारी नसते. बैठक सोमवारी दुपारी ठेवावी लागेल, एवढे कार्यकर्त्यांनी ध्यानात असू द्यावे.